मोठ्यांना मुलांच्या रांगेत शेवटी उभं करू नका

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की वर्तमानपत्राच्या घडीतून क्लासची पत्रकं गळायला लागतात. तायक्वांदोच्या पत्रकावर हमखास हवेत उडालेला एक मुलगा, कोपऱ्यात कोरियाचा झेंडा आणि खाली ‘वय ५ वर्षांपासून पुढे’. या ‘पुढे’मध्ये तीस, चाळीस, पन्नास वर्षांची माणसंही येतात. त्यांनी फोन केला की ‘या ना, साडेसहाची बॅच आहे’ एवढं उत्तर मिळतं. ती येतात आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या मागे, रांगेत शेवटी उभी राहतात. दोन महिन्यांत गुडघा धरतो नाहीतर कंटाळा येतो, आणि ‘या वयात जमायचं नाही’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा चूक वयाची नसते, क्लासच्या निवडीची असते. तायक्वांदो शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना वाटतं की क्लास पारखायचा कसा, हे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. यात आमच्यापैकी कुणाच्या क्लासचं नाव नाही. ती कामगिरी पत्रकं करतीलच.

फोनवर पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ‘सर, पहिली पूमसे कोणती शिकवता?’ असं विचारा. पूमसे म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या बचाव-प्रहारांची मालिका. ‘तेगुक इल जांग’ असं उत्तर आलं तर ती सोलच्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य केंद्राची पद्धत, म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसते ती. ‘चोन-जी’ असं उत्तर आलं तर ती आयटीएफची, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनची. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ साली रूढ झालं, पण घरं दोन झाली. १९६६ मध्ये जनरल चोई होंग-ही यांनी आयटीएफ स्थापन केली. १९७२ मध्ये कुक्कीवॉन उभं राहिलं आणि १९७३ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, तो आता वर्ल्ड तायक्वांदो या नावाने चालतो. ऑलिंपिकमध्ये १९८८ आणि १९९२ ला प्रदर्शनीय आणि २००० च्या सिडनीपासून पदकांचा खेळ झाला तो या दुसऱ्या घरातला. कपड्यांवरूनही ओळख पटते. डोक्यातून घालायचा व्ही गळ्याचा डोबोक कुक्कीवॉनवाल्यांचा, पुढून उघडणारा आयटीएफचा. मोठ्या माणसाने दोन्हींपैकी काहीही शिकावं. फरक एवढाच की ऑलिंपिकच्या नियमांत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, त्यामुळे तिथे हात खाली सोडून लढायची सवय लागते. आयटीएफमध्ये हातांचा वापर जास्त आहे. ‘तायक्वांदो, कराटे, किकबॉक्सिंग, सगळं एकाच फीमध्ये’ असं उत्तर मिळालं, तर आभार मानून फोन ठेवावा.

आता भिंतीवरच्या प्रमाणपत्रांविषयी. पृथ्वीचा गोल, सोनेरी शिक्का आणि ‘इंटरनॅशनल’ हा शब्द कुठल्याही छापखान्यात मिळतो. कुक्कीवॉनच्या डॅन (म्हणजे ब्लॅक बेल्टमधली पायरी) प्रमाणपत्राला मात्र क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्यासाठी जन्मतारीख लागते. म्हणून सरांनाच त्यांच्या मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना याचा राग येत नाही. वरच्या डॅनला जायला किमान काळ ठरलेला आहे. पहिल्यावरून दुसऱ्याला एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, तिसऱ्यावरून चौथ्याला तीन. म्हणजे पहिला डॅन मिळाल्यावर चौथ्याला पोचायला कमीत कमी सहा वर्षं जातात. कुणी चार वर्षांत पोचलो म्हणत असेल, तर कोणत्या संघटनेचा डॅन ते विचारा. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संघटना आपल्याकडे एकाहून जास्त आहेत आणि त्यांचे वाद कोर्टापर्यंत गेले आहेत. एकीचं प्रमाणपत्र दुसरी मानेलच असं नाही. म्हणून तुमच्या ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र नक्की कुणाकडून येणार, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेलं बरं. पण हेही खरं की डॅन म्हणजे शिकवण्याची परीक्षा नव्हे. पाचव्या डॅनचे सर मोबाइल बघत खुर्चीत बसलेले आणि क्लास रेड बेल्टचा दहावीतला मुलगा घेतोय, असंही चित्र असतं. त्यापेक्षा स्वतः चटईवर असणारी दुसऱ्या डॅनची मॅडम शंभर पटीने बरी.

खरी परीक्षा चटईजवळ बसून होते. चप्पल काढल्यापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत एक अख्खा तास पाहायला मिळेल का, विचारा. ‘आधी ॲडमिशन, मग बघा’ म्हणणाऱ्याकडे पाहण्यासारखं नसतं. मोठ्यांचा क्लास साठ ते नव्वद मिनिटांचा असतो आणि त्यातली पहिली बारा-पंधरा मिनिटं अंग तापवण्यात जायला हवीत. हलकं धावणं, घोटे-गुडघे-कंबर फिरवणं, पाय पुढे-मागे झुलवणं. पाय फाकवून खाली बसणं, ताणून धरणं हे सगळं शेवटी, अंग गरम असताना. सुरुवातीलाच थंड अंगाने भिंतीला पाय लावून बसवणं आणि जोडीदाराने पाठीवर दाब देणं दिसलं, की तिथून उठावं. ऑफिसात आठ तास बसलेल्या माणसाचा मांडीमागचा स्नायू अशा दाबाने बसायच्या हाडापाशी फाटतो. ते दुखणं महिनोन्महिने जात नाही, आणि लोकलच्या कडक बाकावर नेमकं तिथेच टोचतं.

मुलांना शिकवणं आणि मोठ्यांना शिकवणं यातला फरक एका किकमध्ये दिसतो. दोल्यो चागी, म्हणजे कंबर फिरवून बाजूने मारायची लाथ, क्लासमध्ये सर्वांत जास्त घोटली जाते. बघणाऱ्याचं लक्ष वर जाणाऱ्या पायाकडे असतं. जाणते सर जमिनीवरच्या पायाकडे बघतात. कंबर फिरते तेव्हा खालच्या पायाचा चवडा टेकलेला राहून टाच समोरच्याच्या दिशेला यायला हवी, इतकी की बोटं जवळजवळ मागे वळतात. टाच चटईला चिकटून राहिली, तर वरचं धड फिरतं, पाऊल फिरत नाही, आणि मधला गुडघा पिळला जातो. तीस किलोच्या पोराचं निभावून जातं. पंचाहत्तर किलोच्या माणसाने एका तासात शंभर किक मारल्या तर गुडघ्यातल्या गादीला शंभर पीळ बसतात. म्हणून नवख्या मोठ्या माणसाला सर आधी भिंतीला हात टेकवतात का ते बघा. गुडघा वर. पाऊल वळवून कंबर उघडा. आता लाथ. पाय पुन्हा दुमडा, मग खाली ठेवा. हे तुकड्यातुकड्याने, सावकाश. सरांच्या हातातलं पॅडल, म्हणजे लाथ मारायची छोटी गादी, पहिले दोन-तीन महिने कमरेच्या वर जाता कामा नये. ते डोक्याच्या उंचीवर धरून ‘अजून वर, अजून वर’ ओरडणारे सर मुलांमध्ये लोकप्रिय असतात. मोठ्यांमुळे ते फिजिओथेरपिस्टचे लाडके होतात.

अप चागी, म्हणजे समोरची लाथ, हीही अशीच चुगली करते. बोटं वर ओढून चवड्याने मारायचं असतं. बोटं सैल राहिली की अंगठा पॅडवर मुडपतो आणि दुसऱ्या दिवशी बुटात पाय जात नाही. गुडघाच वर येत नसेल आणि माणूस पाठीतून मागे झुकून भरपाई करत असेल, तर जांघेचा पुढचा भाग बसून बसून आखडलेला असतो. तसंच मारत राहिलं तर कंबर धरते आणि बदनामी तायक्वांदोची होते. सर हे पाहून थांबवतात की आकडा मोजत पुढे जातात? ‘हाना, दूल, सेत’ (एक, दोन, तीन) या तालात सगळी रांग सारखीच हलवायची असेल, तर तिथे मोठ्यांचं काम नाही. एका शिक्षकामागे पंधरा-सोळापेक्षा जास्त माणसं असली की हे डोळ्यात तेल घालून बघणं होतच नाही, मग सर कितीही चांगले असोत.

मुंबईत जागेचा प्रश्न येतोच. सोसायटीचा हॉल, शाळेचा तळमजला, मंगल कार्यालय, गच्ची, मैदानाचा कोपरा, मिळेल तिथे क्लास चालतो, त्यात कमीपणा काही नाही. पण जमिनीवर काय अंथरलंय ते पाहा. एक मीटर बाय एक मीटरचे, एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन साधारण २० ते २५ मिलीमीटर जाडीचे असले की पुरे. त्याहून पातळ असले तर टाइल्स टाचेला लागतात. कुस्ती-ज्युदोला वापरतात तसे जाड आणि मऊ असले तर पाऊल रुततं आणि वर सांगितलेला पीळ पुन्हा गुडघ्यावर येतो. सांधे उघडलेत का, कोपरे उचललेत का, हेही बघा, कारण अनवाणी पायाचं करंगळीजवळचं बोट तिथेच अडकतं. पावसाळ्यात एक चौकोन उचलून खाली हात फिरवायला लाजू नका. खाली ओल आणि कुबट वास असेल तर पायांच्या बोटांत चिखल्या आणि अंगावर गजकर्ण फीमध्येच धरा. चटया रोज जंतुनाशकाने पुसून उभ्या करून वाळवतात का, ते विचारा. मैदानात बूट घालून सराव असेल तर फिरत्या किक कमी आणि पूमसे जास्त, हे सरांनाच सुचलं पाहिजे. बुटाचा रबरी तळ मातीत वळत नाही. आणि हॉलचा पंखा किती उंचावर आहे तेही एकदा बघून घ्या, उड्या मारायच्या आहेत.

वेळेचा मुद्दा सरळ आहे, पण तिथेच सगळ्यात जास्त लोक गळतात. साडेसहाची बॅच ही शाळकरी मुलांची वेळ. सीएसएमटी किंवा बीकेसीतून सुटलेला माणूस ठाण्याला, बोरिवलीला, डोंबिवलीला पोचेपर्यंत आठ वाजतात. मोठ्यांची बॅच म्हणजे रात्री सव्वाआठ ते साडेनऊ, नाहीतर सकाळी सव्वासहा. ती वेगळी नसेल तर मुलांच्या बॅचमध्ये ‘ॲडजस्ट’ होऊ नका. क्लास घराच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. वाटेत दादरला उतरून क्लास करून पुन्हा गाडी पकडू, हा बेत पहिल्या जोरदार पावसात वाहून जातो. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा, एवढं वर्षभर टिकवणं पाच दिवसांच्या पॅकेजपेक्षा खूप जास्त देतं. चाळिशीनंतर स्नायूंना भरून यायला तो मधला दिवस लागतोच. क्लासच्या दीड तास आधी एखादं केळं किंवा वाटीभर पोहे खावेत. वडापाव खाऊन उडी किक मारायला गेलं की काय होतं ते सांगायला नको.

आता स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी लढण्याचा सराव, ज्याची बहुतेकांना भीतीही असते आणि हौसही. ऑलिंपिक पद्धतीत छातीवरच्या साध्या किकला २ गुण, डोक्यावरच्या किकला ३, आणि गिरकी घेऊन मारली तर अनुक्रमे ४ आणि ५. साहजिकच स्पर्धेची तयारी करणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं डोकंच शोधतात. त्यांच्यासमोर तीन महिन्यांचा यलो बेल्ट बांधलेला बँकेतला माणूस उभा करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. पहिले तीन-चार महिने स्पर्श नको, फक्त पॅड. मग हानबन ग्योरुगी, म्हणजे एकाने ठरलेला एकच हल्ला करायचा आणि दुसऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं. मग कमी वेगात, छातीपुरतं, आपल्याच वजनाच्या आणि वयाच्या जोडीदाराबरोबर. सगळ्यात शेवटी पूर्ण सामान घालून. सामान म्हणजे चेस्ट गार्ड, हेड गार्ड, हात आणि नडगीचे गार्ड, सेंटर गार्ड (जांघेसाठी), टीथ गार्ड. यातलं चेस्ट गार्ड आणि हेड गार्ड सहसा क्लासचं असतं, आणि ते बरंच. आठ पन्नासच्या लोकलमध्ये चेस्ट गार्ड घेऊन चढणं हाच एक वेगळा खेळ आहे. टीथ गार्ड आणि सेंटर गार्ड मात्र स्वतःचेच असावेत. हेड गार्डखाली चष्मा चालत नाही.

सरांना हे जरूर विचारा: ‘कुणाच्या डोक्याला लागलं तर काय करता?’ ‘पाणी मारतो, थोडं बसवतो, मग परत खेळतो’ असं उत्तर आलं तर ते धोक्याचं आहे. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चटईवर पाय नाही. ‘सोमवारी कामावर जायचंय, डोक्यावर किक नको’ असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी न नेता मान्य करणारा क्लास निवडा. ज्यांना लढायचंच नाही त्यांच्यासाठी पूमसे आहे. त्याच्या जागतिक स्पर्धांत तिशीच्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या आत असे वेगळे वयोगट असतात, त्याच्याही पुढचे असतात. हे पत्रकावर कुणी छापत नाही, कारण पूमसे करताना फोटो उडालेला येत नाही.

रक्तदाब, मधुमेह किंवा जुनं कंबरेचं दुखणं असेल तर प्रवेश अर्जावर ते विचारलेलं असतं का, बघा. विचारलेलं नसेल तर स्वतःहून सांगा. स्त्रियांनी कपडे बदलायला बंद होणारी खोली आहे का, बॅचमध्ये दुसऱ्या मोठ्या स्त्रिया आहेत का, आणि पवित्रा सुधारताना सर-मॅडम आधी विचारून हात लावतात का, एवढं त्या पाहायला बसलेल्या तासात हेरून ठेवावं. स्वसंरक्षणासाठी येणाऱ्यांना प्रामाणिक शिक्षक सांगतात की पूमसे आणि गुणांचं स्पारिंग म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. मनगट सोडवणं, ढकलून पळणं, ओरडणं याचा सराव वेगळा करावा लागतो. ‘तीन महिन्यांत चार गुंडांना लोळवाल’ असं सांगणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा तेवढ्यात चांगले धावायचे बूट येतात.

पैशांच्या बाबतीत मासिक फी हा सगळ्यात छोटा आकडा असतो. प्रवेश फी, डोबोक, प्रत्येक बेल्टची परीक्षा फी, प्रमाणपत्र, स्पर्धा, शिबिर आणि शेवटी ब्लॅक बेल्टची फी, हे सगळं एका कागदावर लिहून मागा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी व्हाइट, यलो, ग्रीन, ग्रीन वन, ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन आणि मग ब्लॅक अशी शिडी आहे, म्हणजे आठ परीक्षा. चार-चार महिन्यांनी एक धरली तर बत्तीस महिने. आजारपण, पाऊस, गणपती, ऑफिसचं इयर एंडिंग धरता साडेतीन वर्षं. दर दोन महिन्यांनी परीक्षा असेल तर सोळा महिन्यांत ब्लॅक बेल्ट होतो आणि त्याची किंमतही तेवढीच राहते. अंगात नीट बसायच्या आधीच परीक्षेला बसवत असतील तर ‘या वेळी नको’ म्हणून पाहा. सरांचा चेहरा काय सांगतो त्यावरून क्लास कळतो. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची किंवा तिमाहीची भरा, आणि पावती घ्या. डोबोक घेताना जाड सुती कापड टाळा. जुलैत ते दोन दिवस वाळत नाही. पातळ पॉली-कॉटन रात्री दोरीवर टाकलं की सकाळी घालता येतं. माप उंचीच्या सेंटिमीटरमध्ये असतं, पोटाच्या नव्हे, त्यामुळे दुकानात एकदा घालून, पाय वर उचलून बघा.

शेवटी विनंती आमच्याच व्यवसायबंधूंना आहे. पत्रकावरचा उडालेला मुलगा राहू द्या, पण त्याच्या खाली तीन ओळी वाढवा: शिकवण्याची पद्धत कुठली, प्रत्यक्ष चटईवर शिकवणाऱ्याचा डॅन कोणत्या संस्थेचा, आणि मोठ्यांच्या बॅचची वेगळी वेळ काय. सोसायट्यांनी आणि शाळांनीही हॉल भाड्याने देताना रात्री आठनंतरचा तास मोकळा ठेवला तर बरं होईल. सध्या बहुतेक हॉलच्या चाव्या साडेआठला वॉचमनकडे जातात, आणि ज्यांना यायचं असतं ते तेव्हा कुठे स्टेशनवर उतरत असतात.

आपले,
तायक्वांदोचे काही प्रशिक्षक, मुंबई